बिन सांजेचा रोजा

(ब्रह्मपुरीच्या जुबेदाआपांनी गादीला टाके घालता घालता सांगितलेलं)

आमी पिंजारी, बाई. कापूस पिंजाचा, गाद्या भराच्या, उशा भराच्या, माह्या अब्बाच्या अब्बापासून इथी ब्रह्मपुरीत तेच चालू हाय. माहं नाव जुबेदा, सगळे आपा म्हनतात, तुमी बी आपाच म्हना. अब्बा दिवसभर पिंजत अन् तो बारीक कापूस नाकातोंडात जाऊन जाऊन त्यायची छाती आत गेली, हे पाहा अशी, परातीसारखी, अन् खोकता खोकता एक दिवस गेलेच. माहा लहाना भाऊ रफीक तवा लेकरू होता. अम्मीनं तं तवा कैक दिवस बोलनंच सोडलं होतं, मंग वाढवलं म्हना तं मीच त्याले. माहं लगन झालं, मोडलं, ते सोडा, ती गोठ वेगळी हाय. मी रफीकची सांगून राह्यली. अब्बाची ती छाती त्यानं पाह्यली होती नं, तवापासून पोट्ट्याच्या डोक्यात एकच, छाती.

जवान झाला अन् एक दिवस चंद्रपूरच्या बस स्टँडवरून पुस्तक घेऊन आला. हिंदीतलं. वर एक मानूस, अंगभर तेल अन् कमरेले एवढीशी चिंधी. अम्मी अशी किंचाळली का शेजारची धावत आली. या अल्ला, हा नागवा कोन आनला घरात! रफीक म्हने अम्मी, हे शरीर बनवाचं पुस्तक हाय. अम्मी म्हने शरीर अल्ला बनवते, अन् कपडे घालाची अक्कल बी संगंच देते. पुस्तकावर तिनं उशीची खोळ चढवली, तवा कुठी ते घरात राहू देल्लं. मंग हा रोज खोळीतून पुस्तक काढे, वाचे, अन् पुन्हा खोळीत.

त्यात लिवलं होतं, भात सोडा. काय सांगू तुमाले, मी तं जागच्या जागी थिजली. धानाच्या मुलखात भात सोडा! इथी मानूस बिमार पडला तं पेज, बरा झाला तं भात, पाहुना आला तं भात, अन् हा ताट सरकवून म्हने आपा, भातानं पोट सुटते. शेजारच्या बाया मले बाजूले घेऊन विचारत, रफीकचं घरात भांडन झालं का वो. अन् अंडे! पांढरं खाचं, पिवळं फेकाचं. फेकाचं! अवो माय, मले ते पाहवे ना, मंग त्यानं बशीत काढलेलं पिवळं मीच खाऊन घेऊ. हसू नका बाई. तो पांढरं खाऊन आटत गेला अन् मी पिवळं खाऊन अशी झाली का कापसाचा गठ्ठा एकटी उचलून खांद्यावर टाकू. एक कोनती तरी हिरवी गोबी लिवली होती, ब्रोकोली का काय, तं भाजीवाली म्हने गोबी हिरवी पडली का आमी ढोराले टाकतो.

लोखंड आनाले कुठी जावं, त्यानं तेलाच्या रिकाम्या डब्यात शिमेट भरलं, मधात दांडी रोवली, झालं वजन. एक दिवस छातीचा, एक दिवस पाठीचा, एक दिवस पायाचा, अन् एक दिवस निरा झोपाचा, झोपेत मांस वाढते म्हने. अम्मी म्हने हा एक धडा त्याले पाठ करा लागला नाई. पन खोटं काऊन बोलू, छाती आली. एका ईदेले त्यानं अब्बाची जुनी बंडी घातली तं शिवनीवर टर्रकन फाटली. अम्मीनं ती फाटकी बंडी डोळ्याले लावली, रडली अन् हसली बी.

मंग दिवाळी झाली, मंडईचे दिवस आले. दिवाळीमागून आमच्याकडं गावोगाव मंडई भरते, जत्राच म्हना, रातभर दंडारीचं नाटक होते, पाळने येतात, सोयरिकी बी तिथीच जमतात. त्या साली जवळच्या एका गावच्या पोट्ट्यायनं मंडईत शरीराची स्पर्धा ठेवली. रफीकनं नाव देल्लं अन् पुस्तकातला शेवटचा धडा काढला. मीठ बंद करा, पानी कमी करा, म्हंजे कातडी पातळ होते अन् नस नस दिसते. पुस्तकात कमी करा लिवलं होतं बरं का. यानं बंदच केलं! काऊन तं म्हने आपा, पुस्तकवाल्यायले सवय नाई म्हनून कमी करा लिवलं, आपन रोजेवाले, लहानपनापासून बिन पान्याचं राह्यतो, मले काय होते? अम्मी भिंतीले टेकून बसली होती, ती म्हने, बेटा, रोज्याले सांज असते. तुह्या या रोज्याले सांज कुठी हाय? तो हसला. मी बी हसली.

मंडईत मी पुढंच बसली होती. बाई मानूस उघड्या पोट्ट्यायले पाहाले कशाले आली म्हनून लोक पाहे, पाहू दे म्हटलं, माहा भाऊ हाय. रफीक वर आला. बाप्पा, काय दिसत होता! नसा अशा जशा गादीवरचे टाके. त्यानं दंड दाखवला, पाठ दाखवली, मंग छाती दाखवाले वळला अन् तसाच अकडला. हात वाकडे, मान वाकडी, दात आवळलेले. लोक शिट्ट्या मारून राह्यले, टाळ्या पिटून राह्यले, त्यायले वाटलं हे बी दाखवाचंच काई हाय! एक जन ओरडला, वन्स मोर! अन् मले त्याचे डोळे दिसले. पांढरे. निरे पांढरे. मी तशीच वर चढली. उचलाले गेली तं तेलानं हातातून निसटे, बाई, माहा सख्खा भाऊ माह्या हातातून निसटून राह्यला अन् खाली टाळ्या! डोक्यावरची ओढनी काढली, त्याच्याभोवती गुंडाळली, अन् गादी टाकते तसा खांद्यावर टाकला. बाजूले व्हा रे, मरते माहा भाऊ! तवा कुठी टाळ्या थांबल्या. जीपवाल्यानं भरलेली सवारी उतरवून आमाले घेतलं, अल्ला त्याले सुखी ठेवो.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरानं सुई लावली, वर बाटली टांगली. मी विचारलं साहेब, काय टाकून राह्यले? तो म्हने मिठाचं पानी. मी तं त्या बाटलीकडं पाहतच राह्यली. मीठ अन् पानी! घरी माठ भरला होता, डब्यात मीठ होतं, अन् माहा भाऊ त्याच्यासाठी मरून राह्यला होता. डॉक्टर म्हने थोडा उशीर झाला असता तं छातीतलं यंत्रच बंद पडलं असतं. छातीतलंच. ते ऐकलं अन् मी त्याच्या छातीवर हात ठेवला, बाटली संपेपर्यंत काढला नाई. त्याले शुद्ध आली तं पयला शब्द आपा नाई, अम्मी नाई. म्हने, नंबर आला का? निरोप ऐकून धावत आलेल्या अम्मीनं त्याही हालतीत त्याले एक चापट लावली, अन् मंग घरून आनलेली पेज, मीठ घालून, चमच्या चमच्यानं पाजली. भाताचीच पेज. मुकाट्यानं पेला.

आता अम्मी नाई. रफीकची सोताची व्यायामशाळा हाय, खरं लोखंड हाय, पोट्टे येतात. दारातच माठ ठेवला त्यानं, त्याच्यासमोर पेलाभर पानी पेल्याबिगर कोनी आत जाऊन दाखवा! नवा पोट्टा आला का मले आवाज देते, आपा, दंड दाखव याले, हे पिवळ्याचे हायेत. रमजान आला का रोजा तो आजबी धरते. पन सांज झाली, अजान झाली, तरी पेला तोंडाले लावत नाई, माह्याकडं पाहते. मी म्हनते, सांज झाली रे, पी. मंग पेते. एवढा मोठा छातीवाला मानूस, बाई, मी म्हटल्याबिगर पेत नाई. अल्ला सगळ्यायच्या रोज्याले सांज देवो.