ताईच्या डबीत माझी औषधे

जबाब देणार मी, खाली सही करणारी, वय ३८ वर्षे, धंदा नोकरी, बस आगारात वेळापत्रक लिपिक, राहणार आगारामागील वसाहत, तिसरा मजला. मला कोणी बोलावलेले नाही. माझ्या भावोजींनी औषधवाल्या काकांविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत मी आपण होऊन आज शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता ठाण्यात हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझी थोरली बहीण, वय ४३, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करते. ती व भावोजी दोन गल्ल्या सोडून राहतात. आम्हा दोघींनाही लक्ष टिकत नसल्याचा विकार आहे. लहानपणी त्याला धांदरटपणा म्हणत व त्यावर उपाय म्हणून धपाटे मिळत. माझे निदान चार वर्षांपूर्वी झाले, ताईचे मागच्या वर्षी. असल्या बाईला वेळापत्रकाच्या कामावर कोणी ठेवले, असे भावोजी अजूनही चिडवतात.

दोघींवर एकाच डॉक्टरबाईंचे उपचार चालू आहेत, पण औषधे निराळी आहेत. ताईला मिथाइलफेनिडेटची साधी गोळी, सकाळी नऊला एक व दुपारी एकला एक. तिचा असर चारेक तासांत ओसरतो. मला अ‍ॅम्फेटामिन वर्गातली कॅप्सूल, सकाळी एकच. ती संध्याकाळपर्यंत चालते. दोन्हींनी भूक मरते, झोप उडते, नाडी व रक्तदाब वाढतो. दोन्हींची चटक लागू शकते, म्हणून चिठ्ठीशिवाय कोणी देत नाही. ताईचा रक्तदाब आधीच काठावर, म्हणून डॉक्टरबाईंनी तिला मुद्दाम लवकर उतरणारे औषध थोड्या मात्रेत दिले होते. एकीचे औषध दुसरीने घेऊ नये, पाकिटावरचा आकडा सारखा दिसला तरी जोर सारखा नसतो, हे त्यांनी माझ्यादेखत सांगितले होते. मी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

औषधवाले काका, वय सत्तरच्या आसपास, दर शनिवारी आमच्या आठवड्याच्या डब्या स्वतः भरून देतात. ताईच्या डबीत प्रत्येक वाराला दोन कप्पे, माझ्या डबीत एक. झाकणावर काकांच्या अक्षरात नाव असते. "तुमच्यावर सोडलं तर औषधाची आठवण राहायलाच आणखी एक औषध द्यावं लागेल," असे ते म्हणतात. भरल्यावर ते दोनदा मोजतात व आम्हालाही मोजायला लावतात. गेल्या शनिवारीही मी मोजले होते.

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मी ताईच्या स्वयंपाकघरात होते. भावोजी बाहेर गेले होते. ताई रडकुंडीला आली होती. त्या आठवड्यात तिने एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली होती व मालकाने चारचौघांत तिची खरडपट्टी काढली होती. मी म्हणाले, "तुझं औषध मेलं अर्ध्या वाटेत दम सोडतं. माझं घेऊन बघ, सकाळी घेतलं की दिवसभर चिंता नाही." आठवडाभर अदलाबदल करायचे ठरले. भावोजी डबी उघडत नाहीत, पण ती जागेवर आहे ना हे रोज बघतात, म्हणून डबी तिचीच ठेवली. तिच्या गोळ्या माझ्याकडे घेतल्या व माझ्या कॅप्सूल तिच्या सकाळच्या कप्प्यांत भरल्या. दुपारचे कप्पे रिकामे ठेवले.

ताईच्या फोनमध्ये रोज एक वाजता गजर होतो. तो बंद कर, असे सांगायचे माझ्या डोक्यात आले नाही. सोमवारी एक वाजता तो झाला. ताईने दुकानात सोबत नेलेल्या डबीचा दुपारचा कप्पा उघडला, तो रिकामा दिसला, म्हणून शेजारचा मंगळवारचा सकाळचा उघडून त्यातली कॅप्सूल घेतली. ती मला नंतर म्हणाली, "गजर झाला की हात आपोआप डबीकडे जातो गं." तीन वाजून दहा मिनिटांनी ती काच घासण्याच्या यंत्रासमोर कोसळली. दवाखान्यात पोचली तेव्हा नाडी १६४ होती. भावोजींनी डबी सोबत नेली होती, ती पाहून डॉक्टरांना उलगडा झाला. दोन दिवस ती अतिदक्षता विभागात होती. आता साध्या वॉर्डात आहे. हृदयाला कायमची इजा झाली का, हे पुढच्या तपासणीत कळेल असे डॉक्टर म्हणतात.

झाकणावर काकांचे अक्षर आणि आत भलतेच औषध, त्यामुळे काकांनीच घोळ घातला असे भावोजींना वाटले. त्यांच्या जागी मलाही तसेच वाटले असते. मंगळवारी त्यांनी तक्रार दिली व काकांचे औषधाचे दुकान बंद झाले.

बुधवारी दुपारी चार वाजता काका वॉर्डात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. ताईला म्हणाले, "बाळ, असं कधी झालं नव्हतं. पण डबी माझी, अक्षर माझं. हात चुकला असेल. मला आठवत नाही गं." ताईने चादरीखाली माझा हात घट्ट धरला.  ते गेल्यावर ताई म्हणाली, "तू तोंड उघडू नकोस. तुझी नोकरी जाईल, आणि ह्यांना कळलं तर ते तुला दारात उभं करणार नाहीत. काका म्हातारे आहेत, त्यांना कोण काय करणार आहे?" ताई माझ्यासाठीच बोलत होती. मला स्वतःची लाज वाटली, तरी मी त्या दिवशी गप्प राहिले.

काल संध्याकाळी सहा वाजता मी काकांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडले. काका जेवणाच्या टेबलाशी बसून एका रिकाम्या डबीत शर्टाची बटणे भरत होते. भरून झाली की मोजत, ओतून काढत व पुन्हा भरत. काकू हळूच म्हणाल्या, "दोन दिवस हेच चाललंय. एकदाही चुकले नाहीत, पण त्यांना पटतच नाही." मी पाणी पिऊन निघाले. रात्रभर मला झोप लागली नाही, आणि तो औषधाचा परिणाम नव्हता.

तरी काकांनी भरलेल्या दोन्ही डब्या बरोबर होत्या, असे माझे सांगणे आहे. हे त्यांना आजच कळवावे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी.

येथवरचा मजकूर मला सावकाश वाचून दाखवला. फौजदार साहेबांनी विचारले, "अदलाबदल करायचे ठरले, म्हणजे बहिणीने मागितल्या म्हणून तुम्ही दिल्यात ना? तसं लिहितो, तुम्हाला सोपं जाईल." तसे लिहू नये. ताईने मागितल्या नव्हत्या. ती तीनदा नको म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी डबी तिच्या हातातून ओढून घेतली. एवढे वाढवून घेतले आहे. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे खरा व पुरा आहे.

समक्ष सही केली.