माझी खोटी सही

तुम्ही हसाल, पण चामोर्शीच्या बँकेत मी माझीच सही खोटी करताना पकडला गेलो. माझी बायको सुधा गेली, त्याला दोन महिने झाले होते. तिच्या नावाने शाळेला पुस्तकं द्यावीत म्हणून चेक लिहून नेला.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "भाऊ, आता चेक कोन देते? मोबाइलवरून पाठवा ना."

"त्याचा पिन बायकोलेच माहीत होता."

मी तिथेच सही करून चेक पुढे केला. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "हे सही तुमची नाई."

"बाई, तुमच्यासमोर तर केली!"

"मंग काय झालं? वीस वर्षांत अशी सही तुमी कधीच नाई केली. हे पाहा."

स्क्रीनवर ऐटदार सही होती, शेवटी लांब शेपूट ओढलेली. मी लगेच ओळखली. माझा आळस पाहून खात्याचा फॉर्म सुधानेच भरला होता, माझी सहीही तिनेच ठोकली होती. पुढचे सगळे चेकही तिचेच.

"बराबर सही करून आना," बाई म्हणाल्या.

आता रोज सकाळी चहा घेत घरी सापडलेल्या एका रद्द केलेल्या जुन्या चेकवरची सही गिरवतो. बावन्नाव्या वर्षी माझं नाव लिहायला शिकतो आहे. शेपूट काही अजून तिच्यासारखी येत नाही.