खोचीकर सरांचा बांबू

मंडळी, आज एक प्रश्न आहे. विद्वान मोठा कोण? ज्याचं नाव चारचौघं घेतात तो? की ज्याचं शिकवलेलं सगळे वापरतात, पण नाव कोणी घेत नाही तो? मला नीट सांगता येईल का, देव जाणे. जन्म ग्रंथालयात गेला माझा — बोलायची सवय कमी!

तर ऐका. आमच्या कॉलेजात प्राध्यापक मार्तंड खोचीकर होते. काय दिवस ते! ग्रंथालयात शाईचा वास, खिडकीत चिमण्या, आणि दारात सर — कोपरापर्यंत हात हळदीनं पिवळे! तेव्हा हळदीचं बेणं — पुढच्या लावणीसाठी राखलेले गड्डे — ढिगातच कुजायचं. सरांनी युक्ती काढली : ढिगाच्या मधोमध भोकं पाडलेला पोकळ बांबू उभा करा. आतली ऊब बाहेर जाते — बेणं टिकतं!

सरांनी पत्रक काढलं. छापलं मीच. म्हटलं, "सर, खाली तुमचं नाव?"

"नको हो दिगंबरराव! तेवढ्या जागेत बांबूचं चित्र मोठं काढा."

आणि मी काढलं! आयुष्यभर पुस्तकांवर नावं चिकटवणारा मी — तिथं मात्र गाळलं.

पंचवीस वर्षं गेली. सरांची प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला समिती आली. विद्वानांची रीत अशी — कोणाकडून काय घेतलं, ते निबंधाखाली लिहायचं. त्याला संदर्भ म्हणतात. समितीनं संगणकावर त्याचं जाळं काढलं — माणूस म्हणजे ठिपका, संदर्भ म्हणजे रेघ. ज्याच्याकडे रेघा जास्त, तो मोठा! पडद्यावर ठिपकेच ठिपके... आणि सरांचा ठिपका? एकटा! एक रेघ नाही!

मी आठवडाभर निबंध चाळले. बांबूवर सतरा निबंध! हा त्याचं नाव घेतो, तो ह्याचं. सगळ्यात जुना उघडला. त्यात काय लिहिलं होतं? 'या भागातली पारंपरिक पद्धत.'

हसू नका! इथं हळदवाले आहेत ना? बांबू लावता? कोणी शिकवलं?

"आज्ज्यानं!"

बघा! अहो, पण आज्ज्याला कोणी शिकवलं?

मी धावत सरांकडे गेलो. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. चष्मा पुसला. "दिगंबरराव, परंपरा व्हायला पिढ्या जातात. माझी माझ्या डोळ्यांदेखत झाली की!"

"सर, उद्या समितीला सांगू या!"

"मी कसा सांगू? ही परंपरा माझी आहे, परत द्या म्हणू?"

मग सांगायचं कोणी? मीच! दुसऱ्या दिवशी पत्रक खिशात घालून बैठकीत बसलो. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही सांगायचंय?"

मंडळी... माझी जीभ उचलली नाही. पाच मिनिटांत प्रयोगशाळा बंद झाली. सर कुलूप लावून आले, आणि मलाच म्हणाले, "चला, चहा घेऊ."

आज सर नाहीत. तुम्हाला पोळी लाटायला कोणी शिकवलं? सही करायला? गाडीचं चाक बदलायला? त्याचं नाव शेवटचं कधी घेतलंत? तो माणूस अजून असेल, तर आज घरी जाण्याआधी त्याच्या दारात जा. माझ्यासारखं पत्रक खिशात ठेवून बसू नका!

आता मी बोलतो. आवाज कापेल — कापू दे. ढिगात बांबू उभा करायचा, हे आम्हाला मार्तंड खोचीकरांनी शिकवलं.

म्हणा माझ्यामागून — कोणी शिकवलं?

मोठ्यानं! हळदवाले, तुम्ही आधी!