ताजी नावं

वहिनी : ...आणि त्या शिवणकामवाल्या बाईंच्या पत्राला आपण उत्तर दिलंच नाही, भाऊजी.

भाऊजी : वहिनी, सकाळी सकाळी जुनं काय उकरून काढताय! नव्या लीड आल्यात, विमा हवा असलेल्यांची नावं. इंटरनेटवर विम्याचा फॉर्म भरून लोकांचा चहासुद्धा गार झाला नसेल. पटापट फोन लावा, नाहीतर दुसरे उचलतील.

वहिनी : दुसरे म्हणजे?

भाऊजी : ज्यांना ज्यांना दलालाने हीच यादी विकली ते. जो आधी बोलेल त्याचं गिऱ्हाईक.

वहिनी : लावले की फोन. एकाने शिव्या घातल्या. एकीने फॉर्मात शेजाऱ्याचा नंबर टाकलाय, तो माझ्यावर उखडला. एक म्हणाला, "मी कालच वारलो, आता कसला विमा?"

भाऊजी : हा हा! गमतीदार माणूस आहे.

वहिनी : त्याच्या आवाजात गंमत नव्हती. बरं, हे खालचं नाव वाचा.

भाऊजी : शिवणकाम... आईसाठी आरोग्य विमा हवा... "दुपारी मशीन चालू असतं, संध्याकाळी फोन करावा." बघा, किती तपशील! एक नंबर लीड आहे.

वहिनी : तो शेरा मी लिहिलाय.

भाऊजी : तुम्ही?

वहिनी : गेल्या वर्षी. याच खुर्चीत बसून. बाई आपल्या वेबसाइटवर आल्या होत्या, दुसरीकडे कुठेच नाही. मी शब्द दिला होता, नंबर या टेबलाबाहेर जाणार नाही म्हणून.

भाऊजी : अहो, त्या नुसतं हो-नाही करत बसल्या. पडून राहिलेलं नाव, दिलं दलालाला. सगळेच देतात.

वहिनी : आणि आज तेच ताजं म्हणून विकत घेतलंत. आपलंच उष्टं आपल्याच ताटात.

भाऊजी : आयला! बघतोच त्या दलालाकडे. चक्क फसवलं आपल्याला!

वहिनी : आपल्याला?

भाऊजी : मग काय!

वहिनी : त्या बाईंनी पत्र का लिहिलं, माहितेय? फोन करायची सोय उरली नाही म्हणून. कापड बेतायला घेतलं की फोन. आईला डॉक्टरकडे नेलं की फोन. शेवटी नंबरच बंद केला, तर शिवायला टाकणाऱ्या बायकाही तुटल्या. आईचा विमा राहिलाच. विम्याचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो म्हणतात. एवढंच विचारलंय, माझा नंबर कुणी दिला?

भाऊजी : मग लिहा ना गोडीगुलाबीनं. "काही तांत्रिक कारणामुळे..."

वहिनी : लिहून झालंय. "आम्ही विकला."

भाऊजी : डोकं फिरलंय का तुमचं? त्यांनी तक्रार केली तर एजन्सीचा परवाना जाईल!

वहिनी : परवाना माझ्या नावावर आहे.

भाऊजी : म्हणूनच म्हणतोय! हे दुकान मी उभं केलंय, वहिनी. थांबा, दादालाच सांगतो.

वहिनी : सांगा. पाकिटावर तिकीट त्यांनीच चिकटवलंय.

भाऊजी : दादाने? ...अहो, पण यादीशिवाय धंदा कसा करणार? रस्त्यात उभ्या राहून हाका मारणार?

वहिनी : आपणहून येतील त्यांच्याशी बोलेन. थोडे येतील. पण माझा आवाज ऐकून फोन तरी आपटणार नाहीत. तुमची ही यादी तुम्ही फिरवा. मी आजपासून तिला हात लावणार नाही.

भाऊजी : निदान माझं नाव तरी घातलं नाहीत ना पत्रात?

वहिनी : "आम्ही" लिहिलंय. खाली सही माझी.

भाऊजी : द्या इकडे ते पाकीट. वहिनी, ऐका माझं... अहो, वहिनी!

(दार लोटल्याचा आवाज. खुर्चीत एकटे भाऊजी. समोरचा फोन वाजून वाजून थांबतो. थोड्या वेळाने वहिनी परत येते.)

भाऊजी : टाकलंत?

वहिनी : टाकलं.

भाऊजी : आईच्या विम्याचं काय लिहिलंत?

वहिनी : घेताना काय काय विचारून घ्यायचं, ते. आणि ओळखीच्या माणसाकडे समोर बसून घ्या, असं.

भाऊजी : म्हणजे दुसरीकडे! हातचं गिऱ्हाईक!

वहिनी : हो.

भाऊजी : शेवटी तरी काही बरं लिहिलंत का?

वहिनी : लिहिलं ना. आमच्याकडून पुन्हा फोन येणार नाही.