शंभरातले सत्तर टाके

दवाखान्यात मी गुडघ्याच्या व्यायामासाठी नंबर लावून बसले होते. एक वयस्कर शिंपी आणि त्यांची बायको डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली आणि माझ्या शेजारी टेकली. लकव्याने गेलेला उजवा हात शिंपी हळूहळू चोळत होते.

"अहो, सत्तर परसेंट म्हणाले ते. म्हणजे चांगलं की वाईट?"

"परसेंट म्हणजे शंभरातले. शंभरातले सत्तर."

"शंभर काय पण?"

"टाके धर. शंभर टाके घातले, तर सत्तर सरळ पडतील."

"आणि तीस?"

"वाकडे. म्हणून तर म्हणतोय, मशीन विकून टाकू."

"सहा महिन्यांपूर्वी किती परसेंट होता हो हात?"

"शून्य. चमचासुद्धा तूच धरायचीस."

"शून्याचे सत्तर झाले, आणि तुम्ही तिसांसाठी तोंड पाडून बसलाय?"

"अगं, वाकडं काम मी आजवर कुणाच्या हातात दिलं नाही."

"मग देऊ नका. ते तीस मी उसवीन, तुम्ही पुन्हा घाला. तेव्हाही सगळे वाकडेच पडतील का?"

"सगळे कसे? त्यातले एकवीस सरळ पडतील."

"उरले नऊ. तेही उसवीन."

"एका शर्टाला आठवडा लागेल अशानं!"

"लागू दे की. आपली कुठे गाडी चुकतेय?"





"ऊठ, जाताना मशीनचं तेल घेऊ."