रात्रपाळीची अंडी

आईशप्पथ सांगतो, ह्या गोष्टीत एक अक्षरसुद्धा खोटं न्हाय. म्हणजे एक हाय, पण ते शेवटी सांगतो.

मागं बायको बहिणीकडं सुप्याला गेली आणि नेमके तिचे वडील, आमचे आबा, वालचंदनगरहून मुक्कामाला आले. बायकोनं फोनवर दम दिला, "आबा उपाशी झोपले तर माझ्याशी बोलू नका!"

मला पदार्थ येतो एकच. कांदा परतायचा, मऊ पडलेले टोमॅटो रटरट शिजवायचे, त्यात अंडी फोडायची आणि बारीक गॅसवर झाकण ठेवायचं. तेच केलं. झाकण काढलं तर आबा म्हणाले, "जावईबापू, आज वार कुठला?"

"शनिवार."

"मग आमाला अंडं चालत न्हाय."

"आबा, दुसरं काय करू? मला तर साधा भातबी येत न्हाय."

आबा कढईकडं बघत बसले. वास घरभर सुटला होता. मग हळूच म्हणाले, "अंधार पडला का?"

"व्हय."

"कारखान्यात आमी रात्रपाळीला असलो की हजेरी दुसऱ्या दिवसाची लागायची. त्या हिशेबानं आता रविवार लागला. वाढा!"

दोघांनी पावानं कढई पुसून खाल्ली.

आता खोटं तेवढं सांगतो. आबा कुठलाच वार पाळत न्हाईत. शनिवार पाळतो मी. कढईकडं बघत बसला होता तोबी मीच, आणि माझं तोंड बघून आबांनी रविवार लावला.