बिनमशीनची गल्ली

— छे छे, ताई, उपाशीबिपाशी कुणी नाही, दर खेपेला सांगते तेच लिहा — दोन्ही वेळा पोटभर! बसा हो, इस्त्री तापलीये तोवर दोन शर्ट उरकते. दोन वर्षांत ही तुमची पाचवी खेप, प्रश्न पाठ झालेत मला. तुमच्या संस्थेनं मदत कुणाला द्यायची म्हणून चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा समोरच्या गल्लीचं नाव निघालं, त्यांना शिलाई मशीन मिळालं, शिकवायला बाई मिळाली — आणि आम्हाला काय, तर तुमचे प्रश्न! राग नाही हो. मदतीनं फरक पडतो का ते ताडून बघायला मदत न मिळालेली माणसंही लागतात, तुम्हीच समजावलंत ना? पटलं मला. पण माझी जाऊ त्या गल्लीत, खिडकीत मशीन लावून बसते — तिच्या कानावर जाईल असं रडगाणं मी गाऊ? हॅट्! गल्लीतल्या सगळ्याजणींना मीच बजावलंय, विचारलं की ताठ मानेनं सांगायचं, आमचं झकास चाललंय. बारा घरं, पण एक बाई फुटली नाही!

काय झालं? लिहिता लिहिता थांबलात का? — शेवटची खेप? बरं, मग आता आमच्या गल्लीला मशीनं — नाही? का नाही? — दोन्ही गल्ल्या सारख्याच सुखी दिसतात? म्हणजे मशीनचा उपयोगच नाही, म्हणून यापुढे कुणालाच नाही?

अगं बाई! अहो, जावेकडे खरंच दोन्ही वेळा चूल पेटते, रोज बघते ना मी! आणि माझ्याकडे — थांबा, इस्त्री बाजूला ठेवते, शर्ट जळायचा. हळू बोला, लेक बाळंतपणाला आलीये, आत निजलीये. तिला वाढते आणि सांगते, माझं झालं. या आठवड्यात चारदा. लाज वाटते हो, पण लिहा, चार. मागच्या खेपांचंही सगळं खोटं होतं, तेही लिहा. तुमच्या साहेबांना विचारावं लागेल? मग विचारा, माझं नाव सांगून विचारा! आणि बाकीच्या अकरा घरी पुन्हा जायचंय, मी येते सोबत, माझ्या तोंडानं सांगते त्यांना — चुकलं माझं, आता खरं बोला म्हणून.

उठलीस का गं? काही नाही, ताई आल्यात प्रश्न विचारायला. तू बस जेवायला, ताट झाकून ठेवलंय. माझं? माझं मघाशीच झालं — ताई, तुम्ही व्हा पुढे.